छत्री आग्नेयेकडे, धुणं दोरीवर

‘टीव्ही गेला’ असं कुणी म्हणायचा अवकाश, की घरातला प्रत्येक जण काही ना काही करून पाहतो. चिरंजीव रिमोटचे सेल काढून पुन्हा घालतात, यजमान बॉक्सच्या पाठीवर एक थाप मारतात, आणि सासूबाई आपल्या जागेवरूनच सांगतात, ‘‘अगं, सकाळी नऊच्या बातम्यांपर्यंत अगदी छान चालू होता.’’ मग डिशवाल्याला फोन जातो. तो दोन दिवसांनी येतो, काहीतरी बदलतो, पैसे घेतो नि जातो. या सगळ्या धावपळीत सासूबाईंच्या वाक्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. खरं म्हणजे निम्मं निदान त्या वाक्यातच असतं!

पूर्वीच्या अँटेनाचं तसं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यातही दिसू लागलं, आणि गच्च्यागच्च्यांवर ॲल्युमिनिअमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले. एकानं गच्चीवर, एकानं जिन्यात आणि एकानं टीव्हीसमोर उभं राहायचं. ‘‘आलं का?’’ ‘‘थोडं आलं, अजून फिरव... गेलं, गेलं, मागे घे!’’ हा संवाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो जन्मात विसरता यायचा नाही. कावळा बसला की चित्र हलायचं, मिक्सर लावला की रेघा यायच्या, वारा सुटला की मुंग्या. पण त्या मुंग्यांचा एक गुण होता : त्या हळूहळू वाढत. आज थोड्या, उद्या जास्त. काहीतरी बिघडत चाललंय हे दिसायचं, आणि अगदीच अंधुक का होईना, चित्र असायचं.

ते युग आता संपलं. दूरदर्शननं ती जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपणं २०२२ च्या मार्चपर्यंत, मोजकी ठिकाणं सोडून, बंद केली. (मधे २०१६ साली मुंबईसह सोळा शहरांत अँटेनावरच डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं, पण आपल्याकडे ते घरोघरी काही पोचलं नाही.) ज्या घरांना दरमहा पैसे भरायचे नाहीत, त्यांच्या गॅलरीत आज छत्री आहे. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची सेवा डिसेंबर २००४ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, नंतर महिन्याचं बिल नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या किती तरी बायकांचा दिवस या छत्रीवर चालतो. म्हणून ती बंद पडली की ‘टीव्हीच तर आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

या डिजिटल चित्राची खोड समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. आकाशातून येणाऱ्या संदेशात चित्राबरोबरच थोडा जादा मजकूरही पाठवलेला असतो. वाटेत कुठे भोक पडलं, तर त्या जादा दोऱ्यानं बॉक्स आतल्या आत रफू करतो. रफू इतकं बेमालूम असतं, की संदेश बराच फाटला तरी आपल्याला चित्र कोऱ्या लुगड्यासारखं दिसतं. पण भोकं रफूच्या पलीकडे गेली की सगळं एकदम संपतं. आधी चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज चिरकतो, मग चित्र गोठतं आणि पडदा काळा. म्हणजे काल ‘छान चालू’ असलेला टीव्ही खरोखर छान होता, की शेवटच्या टाक्यावर उभा होता, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. ते दुसरीकडून काढावं लागतं.

पण त्याआधी एक अगदी साधी गोष्ट. पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं, की तो निरोप कोण देतंय ते पाहा. टीव्ही देतोय की बॉक्स? बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. बॉक्सची यादी पडद्यावर आली तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यामधलं सगळं ठीक आहे, तक्रार छत्रीकडची आहे. काहीच आलं नाही, तर छत्रीला हातही लावू नका. बॉक्स बंद आहे, मागची वायर ढिली आहे, किंवा नातवानं टीव्हीचा ‘सोर्स’ बदलून ठेवला आहे. एवढ्याशासाठी डिशवाल्याला जिना चढायला लावून पैसे मोजलेली घरं मी कमी पाहिलेली नाहीत!

आता त्याच मेनूत ‘इन्स्टॉलेशन’ किंवा अशाच नावाखाली दोन पट्ट्या दिसतात. एक ‘स्ट्रेंग्थ’ची, दुसरी ‘क्वालिटी’ची. पहिली म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय की नाही. दुसरी म्हणजे जे येतंय ते कामाचं आहे की नाही. दुधाच्या पातेल्यासारखंच : पातेलं भरलंय हे एक, दूध नासलेलं नाही हे दुसरं. पहिली पट्टी भरलेली आणि दुसरी शून्यावर असेल, तर वायर आणि छत्रीच्या तोंडाशी असलेली एलएनबी बहुधा जिवंत आहे, पण छत्रीची नजर हलली आहे किंवा तिच्या आड काहीतरी आलं आहे. दोन्ही पट्ट्या शून्यावर असतील तर वायर, जोड किंवा एलएनबी यांच्यापैकी कुणीतरी दगा दिला आहे. टीव्ही ठणठणीत असताना एकदा क्वालिटीचा आकडा पाहून ठेवा आणि कॅलेंडरच्या मागे लिहून टाका. पुढे तो खाली सरकू लागला, तर पूर्वीच्या मुंग्यांचं काम तोच आकडा करील.

छत्री पाहते कुठं? आग्नेयेकडे! स्वैपाकघराची दिशा म्हणून आपल्याला पाठ असलेली हीच ती दिशा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी ठाण मांडून असल्यासारखा असतो. मुंबई-पुण्याकडून पाहिलं तर मोबाइलच्या होकायंत्रात साधारण १३० अंशांवर, कोल्हापूरकडेही तेवढाच. नागपूरकडे तो दक्षिणेला जरा जास्त झुकतो, १४५ च्या आसपास. आणि उंच किती? क्षितिजापासून सुमारे साठ अंश, म्हणजे चांगलाच वर. फक्त उत्तर-पश्चिमेला गॅलरी असलेल्या फ्लॅटमधून तो दिसणारच नाही, तिथं गच्चीच हवी. खाजगी कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे जुन्या कंपनीची छत्री नुसती बॉक्स बदलून फ्री डिशला चालेलच असं नाही. बहुधा ती थोडी फिरवावी लागते.

इथं एक गंमत आहे. आपल्या घरांवरच्या या छोट्या छत्र्या मुद्दाम तिरप्या बनवलेल्या असतात. त्या दिसतात समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे पाहताना, पण खरी नजर त्याहून बरीच वर असते. म्हणून ‘समोरच्यांनी टाकी बांधली आणि आमचा टीव्ही गेला’ हे भांडण काढण्याआधी जरा हिशेब करा. नजर एक फूट पुढे जाताना दीड-पावणेदोन फूट वर चढते. समोरची इमारत वीस फुटांवर असेल, तर ती तुमच्या छत्रीपेक्षा तीस-पस्तीस फूट, म्हणजे तीनेक मजले, उंच असल्याशिवाय आड येत नाही. आड येतं ते डोक्यावरचं! वरच्या गॅलरीचा स्लॅब, पत्र्याची छपरी, ग्रिलचे जाड गज. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मात्र खुशाल राहू द्या, तिचा त्रास होत नाही.

डोक्यावरच्या या अडथळ्यांत आणखी एक धरायला हवा. तो आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींमुळे कळला. मावशी एकट्या असतात. गुडघ्यांमुळे जिना जवळजवळ सुटलेला. सकाळी दहाला पूजा आटोपली, की सह्याद्री वाहिनी लावून निवडणं-टिपणं करत बसायचं, ही त्यांची सोबत. ती सोबत अधूनमधून, बरोबर दहा-साडेदहाला, तुटू लागली. दुपारी दोनपर्यंत आपली आपण परत येई. डिशवाला आला तेव्हा संध्याकाळ होती, टीव्ही उत्तम चालू. तरी त्यानं एलएनबी बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. आता तो म्हणाला, बॉक्सच बदला. मावशींच्या पेन्शनीत ते बसत नव्हतं, आणि ‘‘वरच्यांनीच काहीतरी केलंय’’ असा एक संशय त्यांच्या मनात घर करू लागला होता.

मावशींची दुधाच्या हिशेबाची वही असते. त्यात त्यांनी टीव्ही गेला त्या दिवसांवर फुली मारली होती. मी वही पाहिली तर फुल्या सगळ्या सोमवारी आणि गुरुवारी! मंगळवारी नाही, रविवारी नाही. सोमवार-गुरुवार म्हणजे काय असतं हो? वरच्या वहिनींकडे चादरी-अभ्रे धुवायचे वार. त्यांच्या गॅलरीबाहेरच्या दांडीवर दोन डबल बेडच्या ओल्या चादरी पडल्या, की त्या मावशींच्या छत्रीच्या थेट नजरेत येत. कोरडं कापड या लहरींना फारसं अडवत नाही, पण ओलं कापड म्हणजे पाण्याची भिंतच. चादरी वाळल्या की टीव्ही परत! संशय अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा, फक्त त्यात वाईट हेतू नव्हता. वहिनींना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की विचारू नका. आता चादरी दांडीच्या दुसऱ्या टोकाला आणि छत्रीसमोरच्या टोकाला हातरुमाल. बॉक्स जुनाच आहे. बदललेल्या एलएनबीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

या गोष्टीत मेकॅनिकला दिसलं नाही ते वहीला दिसलं, कारण मेकॅनिक संध्याकाळी येतो आणि आपण दिवसभर घरात असतो. तेव्हा फोन करण्याआधी चार दिवस तुम्हीही लिहून ठेवा : किती वाजता गेला, कसा परत आला, सगळ्या वाहिन्या गेल्या की काही, बाहेर पाऊस होता का.

पावसाचं म्हणाल, तर दाट सरीत चित्र जाणं हा बिघाड नव्हे. या लहरी पाण्यात विरतात, त्याला इलाज नाही. सर ओसरली, आभाळ मोकळं झालं, की चित्र यायला हवं. पाऊस थांबून चांगलं ऊन पडलं तरी येत नसेल, तर पाणी आभाळात नाही, तुमच्या वायरीत आहे. आणि साध्या रिमझिमीतही टीव्ही जात असेल तर छत्रीची नजर मुळातच थोडी चुकलेली असणार. रफूचा दोरा आधीच संपत आलेला.

पावसावर खोटा आळ येतो तो झाडामुळे. फेब्रुवारीत गुलमोहराच्या खराट्यातून आरपार आभाळ दिसत असतं, तेव्हा छत्री बसवली की झकास लागते. जूनमध्ये तोच गुलमोहर पानांनी भरतो, वर ती पानं पावसानं भिजलेली. घरचे म्हणतात, पावसाळ्यात आमचा टीव्ही चालत नाही! छत्री दोन-चार फूट सरकवली की काम होतं. फांदी तोडायला सोसायटी आणि नगरपालिका दोघांचीही परवानगी लागते, त्या वाटेला कशाला जा.

आणखी एक आळ सूर्यावर घालायला हरकत नाही, कारण तो खरा आहे. मार्चच्या १२ तारखेच्या अलीकडे-पलीकडे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला अकराच्या जरा आधी, सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. त्याच्या तळपण्यात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो आणि काही मिनिटं चित्र नाहीसं होतं. असं ओळीनं काही दिवस होतं आणि थांबतं. यात काही बिघडत नाही, काही बदलायचं नाही. उलट याचा फायदा करून घ्या. नव्या घरात छत्री कुठे लावावी हे ठरत नसेल, तर त्या दिवसांत त्या वेळी गॅलरीत ऊन कुठं पडतंय ते बघा. (सूर्याकडे नको, जमिनीवरच्या उन्हाकडे.) जिथं ऊन पडलं, तिथून उपग्रह दिसतो. इतकी बिनखर्चाची मोजपट्टी दुसरी नाही.

आता वायर. माझ्या मते फ्लॅटमधल्या तक्रारींचं मोठं माहेरघर हेच, आणि त्यातही वायरीचं शेवटचं टोक. बॉक्सच्या मागे जे आटे असलेलं कनेक्टर फिरवून बसवतात, त्यात मधली तांब्याच्या रंगाची तार पुढे डोकावत असते आणि भोवती बारीक तारांची जाळी. त्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तर सगळं ठप्प, कारण याच वायरीतून बॉक्स एलएनबीला वीजही पुरवत असतो. ही वीज अगदी कमी दाबाची, साधारण १३ ते १८ व्होल्ट. पण कनेक्टर काढण्याआधी बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद करायचाच. तारेवर हिरवट-काळी बुरशी दिसली, की समजा पाणी आत उतरलंय. डिशवाल्याला सांगून तेवढं टोक कापून नवीन कनेक्टर घालून घ्या. हे काम अगदी स्वस्तातलं. बाहेरच्या बाजूला, एलएनबीपाशी, रबरी टोपी किंवा पाणी न शिरणारी टेप हवी, आणि खिडकीतून आत येण्याआधी वायरीला खाली लोंबता एक झोल हवा. पाणी वायरीवरून ओघळत त्या झोलावरून खाली टपकतं, घरात किंवा जोडात येत नाही. मधेच सुरीनं सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली जोडणी असेल तर ती यंदाच्या पावसाळ्याआधीच काढून टाका. गच्चीवरून खाली आणायची तर जाड, चांगल्या प्रतीची आरजी-६ वायर अखंड घ्या. जुन्या केबलवाल्यानं सोडून दिलेली पातळ वायर फुकट मिळते, पण ती फुकटच जाते.

दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील, तर केबलला लावत तसा साधा दुभाजक लावून दोन बॉक्स चालवायचा मोह होतो. दोन्ही बॉक्स एकाच एलएनबीला आपापली वीज पाठवू लागतात आणि कधी हा, कधी तो बंद पडतो. दोन तोंडांची एलएनबी मिळते, तीच घ्यावी. प्रत्येक बॉक्सला आपली वेगळी वायर.

सगळं ठीक आहे, क्वालिटीची पट्टीही भरली आहे, पण नेमकी आपली आवडती वाहिनीच नाही? मग दोष छत्रीचा नाही. फ्री डिशवर खाजगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात आणि मुदत संपली की काही जातातही. २०२२ च्या १ एप्रिलपासून मोठ्या समूहांच्या काही हिंदी मनोरंजन वाहिन्या अशाच निघून गेल्या, तेव्हा किती घरांतून छत्र्या उगीच फिरवल्या गेल्या असतील! एप्रिल उजाडला, की मेनूतून एकदा ‘ऑटो स्कॅन’ करून वाहिन्या नव्यानं शोधून घ्याव्यात. जुन्या बॉक्सात उपग्रहाचं नाव इन्सॅट-४बी असं दिसलं तरी गोंधळू नका. दुसरं कारण बॉक्सच्या वयाचं. अगदी जुने बॉक्स एमपेग-२ नावाच्या पद्धतीचे, ते एमपेग-४ मधून येणाऱ्या वाहिन्या दाखवूच शकत नाहीत. शेजारणीकडे दिसते आणि आपल्याकडे नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. तेव्हा खरोखर नवा बॉक्स घ्यावा लागतो.

छत्री हलवणं, वळवणं हे काम मात्र आपलं नव्हे. ग्रिलबाहेर वाकून, स्टुलावर चढून, गच्चीच्या कठड्यावर बसून कुणीही, यजमानांनीसुद्धा, हा पराक्रम करू नये. केसाएवढा फरक झाला तरी चित्र जातं, आणि तो फरक मोजायचं यंत्र डिशवाल्याकडे असतं. तो आला की आपली वही पुढे करा, क्वालिटीचा आकडा आधी काय होता तो सांगा. काही बदललं तर जुना भाग मागून घ्या आणि नव्या भागानंतर आकडा किती चढला ते त्याच्यादेखत पडद्यावर पाहा. आकडा चढला नसेल तर पैसे कशाचे, हे विचारायला संकोच नको. गच्ची सोसायटीची सामाईक, तेव्हा तिथं छत्री लावायची तर चिटणीसांना अर्ज आधी द्यावा. वीज कडकडू लागली की बॉक्सचा प्लग आणि मागची वायर दोन्ही काढून ठेवावी. आणि मे महिन्यात, डिशवाला कोणत्याही कामानं आलाच, तर छत्रीचे बोल्ट तेवढे तपासून घ्यावेत. गंजलेल्या बोल्टावरची छत्री पहिल्याच वादळात खाली येते, आणि खाली मुलं खेळत असतात.